बेळगावी बासमतीचं बी मागायला आलेत: द्यावं का, आणि आधी कागद कुठला करावा?

शिवारकट्टा (खानापूर)
नमस्कार मंडळी. अकरा शेतकऱ्यांच्या गटासाठी विचारतोय. गटाकडं जुनी बेळगावी बासमती आहे. उत्तरेच्या बासमतीशी हिचं नातं सांगणारा कागद कुणाकडं नाही, पण इकडं पिढ्यान्‌पिढ्या हेच नाव. एका बियाणे कंपनीचा माणूस ‘अभ्यासासाठी’ पाच किलो बी मागतोय. प्रश्न तीन:
१. द्यावं का?
२. वाणाची नोंदणी करायची तर कुणाच्या नावावर?
३. नोंदणी झाल्यावर शेजाऱ्याला पायलीभर बी देणं गुन्हा होतो का? गटातले निम्मे लोक याच भीतीनं मागं सरलेत.

निपाणी_नाका
तिसऱ्याचं उत्तर ‘होय’ आलं तर आमच्या आजीला जन्मठेप पक्की.

मार्कंडेय
आजीला जामीन मिळाला असं समजा, कारण सांगतो.

इथं तीन वेगळे कायदे आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. पहिला २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याचं प्राधिकरण दिल्लीत, २००५ पासून. हा वाणाचा, म्हणजे बियाण्याचा कायदा. दुसरा २००२ चा जैवविविधता कायदा, २०२३ मध्ये दुरुस्त झालेला. याचं राष्ट्रीय प्राधिकरण चेन्नईत, राज्य मंडळ बेंगळुरूत आणि गावात पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. बी गावाबाहेर कोण, कशासाठी नेतो हे तो बघतो. तिसरा १९९९ चा भौगोलिक निर्देशांक कायदा. तो फक्त नाव राखतो, बी नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर २००१ च्या कायद्याच्या कलम ३९ मध्ये आहे. संरक्षित वाणाचंसुद्धा बी शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो, विकूही शकतो. मनाई एकच: ‘ब्रँडेड’ बी विकायचं नाही. ब्रँडेड म्हणजे पिशवीत किंवा डब्यात भरून, ते संरक्षित वाणाचं आहे असं दाखवणारं लेबल लावलेलं. पायलीनं मोजून पोत्यातून दिलेलं बी त्यात बसत नाही.

निपाणी_नाका
एका भातासाठी दिल्ली, चेन्नई आणि बेंगळुरू. भातालाच रेल्वेचा पास काढा की.

कलम_४२
मार्कंडेयांच्या बोलण्याला एक जोड. शेजाऱ्याला देणं वेगळं आणि गटानं दुकान मांडणं वेगळं. १९६६ च्या बियाणे कायद्याचं कलम २४ म्हणतं, स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्याच जागेवर थेट दुसऱ्याला पेरणीसाठी दिलं तर तो कायदा लागत नाही. पण गटानं दोन-दोन किलोच्या पिशव्या शिवून बाजारात ठेवल्या, की लेबलाचे नियम आणि १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखालचा विक्री परवाना दोन्ही आले. बीज महोत्सवाच्या टेबलावर इथंच गफलत होते. ‘शेतकऱ्याला सूट आहे’ म्हणतात खरं, पण सूट खळ्यावरच्या विक्रीला आहे, तंबूतल्या विक्रीला नाही.

धूळवाफ
मला दुसऱ्या प्रश्नाआधी नावाचीच काळजी वाटते. ‘बासमती’ हा शब्द घेऊन गेलात तर पहिल्याच टेबलावर अडकाल. बासमतीचा भौगोलिक निर्देशांक २०१६ मध्ये अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या) नावावर झालाय आणि त्याचं क्षेत्र पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेशातले जिल्हे आणि जम्मू-कठुआ. कर्नाटक त्यात नाही.

वाण कायद्याचं कलम १७ पण वाचा. फसगत किंवा गोंधळ करणारं नाव चालत नाही. नावात गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असेल तर सहसा नकार, पण ‘प्रामाणिक वापर’ आहे असं निबंधकाला पटलं तर तो ते मान्य करू शकतो. म्हणजे ‘बेळगावी’ हा शब्द वाचवता येईल, ‘बासमती’ अवघड. अर्जात नोंदणीसाठी वेगळं नाव घ्या आणि स्थानिक नावांच्या रकान्यात ‘बेळगावी बासमती’ मराठीत आणि कानडीत दोन्हीकडं लिहा. नुसते आकडेही नाव म्हणून चालत नाहीत, ‘१७’ असं लिहून पाठवू नका.

चंदगडचा_भात
पलीकडनं बोलतोय. आमच्या आजरा घनसाळ भाताला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तुम्ही तोच मार्ग का घेत नाही? वाणाच्या नोंदणीत वर्षं जातात आणि शेवटी हातात कागदच राहतो. निर्देशांक असला तर पोत्याला भाव येतो.

मार्कंडेय
दादा, आजरा घनसाळमुळं ‘आजरा घनसाळ’ हे नाव आजऱ्याबाहेरच्या तांदळावर लावता येत नाही. पण तेच बी उद्या कुणी दुसऱ्या जिल्ह्यात पेरलं आणि वेगळ्या नावानं विकलं तर निर्देशांक काही करू शकत नाही. शिवारकट्टा यांना बी मागितलंय, नाव नाही मागितलं. शिवाय निर्देशांकासाठीही नाव ‘बासमती’च द्यावं लागणार आणि धूळवाफ यांनी सांगितलेला खड्डा तिथंही आहेच. दर दहा वर्षांनी नूतनीकरण, प्रत्येक उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद, हा खर्च आणि ही धावपळ अकरा जणांच्या गटाला झेपायची नाही.

चंदगडचा_भात
मान्य. पण भाव आला नाही तर बी राखणार कोण? कपाटातल्या प्रमाणपत्राला उंदीरसुद्धा खात नाही.

कुडची_लोकल
माझं नाव बघून हसू नका, मुद्द्यालाच येतोय. बी ‘अभ्यासासाठी’ गेलं की पुढं काय होऊ शकतं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

बीटी वांग्याच्या (किडीला मारणारं जनुक घातलेल्या वांग्याच्या) प्रकरणात ज्या स्थानिक वाणांत जनुक घातल्याचं पुढं आलं त्यात मलापूर लोकल, मांजरी गोटा, उडुपी लोकल यांच्यासोबत ‘कुडची लोकल’ होतं. कुडची म्हणजे रायबाग तालुक्यातलं, मिरज-बेळगाव रेल्वेलाईनीवरचं. ही वांगी धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या संशोधनातून कंपनीच्या कामात गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्रानं बीटी वांग्याला स्थगिती दिली आणि त्याच वर्षी बेंगळुरूच्या एका संस्थेनं राज्य जैवविविधता मंडळाकडं तक्रार केली. स्थानिक समित्यांना विचारलं नाही आणि राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी घेतली नाही, असा आरोप होता. २०११ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणानं कारवाईचं ठरवलं, पुढं प्रकरण कोर्टात गेलं.

मला त्यातली नेमकी गोष्ट सांगायची ती अशी. विचारायचं कुणाला, हाच प्रश्न होता. कुडचीत त्या वांग्याची लेखी नोंद, कोण पिकवतं, कुठल्या मळ्यात, कधीपासून, ही कुठल्या रजिस्टरात होती? नोंद नसली की ‘संमती कुणाची घ्यायची होती’ असं म्हणायला वकील मोकळा.

निपाणी_नाका
भरीत करून खाल्लं असतं तर एवढं झालं नसतं.

अथणी_शाळू
आता मी उलटं बोलतो, रागावू नका. नोंदणी केल्यानं कंपनी थांबेल असं कुणी समजू नये. २००१ च्या कायद्याचं कलम ३० वाचा. नोंदवलेला कुठलाही वाण संशोधनाला आणि नवा वाण तयार करायला मूळ स्रोत म्हणून वापरायची संशोधकाला मुभा आहे. तुमची परवानगी फक्त तेव्हा लागते जेव्हा नवं बी बनवायला तुमचा वाण पालक म्हणून पुन्हा पुन्हा वापरावा लागतो. भातात एकदा संकर केला, पाच-सहा पिढ्या निवड केली, की तुमची गरज संपली. तर मग नोंदणीचा उपयोग काय? उलट अर्जासोबत बी प्राधिकरणाकडं जमा करावं लागतं. दार आपणच उघडून दिलं की.

मार्कंडेय
अथणीकर, कलम ३० बद्दल तुमचं वाचन बरोबर आहे, पण त्याच्या आजूबाजूची कलमं सोडलीत. कंपनीनं तुमच्या वाणातून काढलेल्या वाणाचा अर्ज केला तर कलम १८ खाली मूळ सामग्री कायदेशीर रीतीनं घेतली असं जाहीर करावं लागतं. कलम ४० खाली आदिवासी किंवा ग्रामीण कुटुंबांनी जपलेली सामग्री वापरली का तेही सांगावं लागतं. लपवलं तर अर्ज फेटाळता येतो. कलम २६ खाली लाभातला वाटा मागता येतो, कलम ४१ खाली गावाच्या वतीनं कुणीही, अगदी स्वयंसेवी संस्थासुद्धा, दावा लावू शकते. आणि नवा वाण शेतकऱ्यांच्या वाणावरून फक्त किरकोळ फरकानं काढलेला असेल, तर ज्यांनी मूळ वाण राखला त्या शेतकऱ्यांच्या संमतीशिवाय परवानगी देता येत नाही, हे कलम ४३.

ही सगळी कलमं एकाच गोष्टीवर टेकलेली आहेत: तुमच्याकडं तारीख असलेलं, वर्णन असलेलं, कुणीतरी पाहून सही केलेलं काहीतरी असणं. तेवढ्याचसाठी नोंदणी करा. कंपनी त्यानं थांबणार नाही, पण नंतरच्या भांडणात तोच तुमचा पुरावा.

अथणी_शाळू
हं. म्हणजे कुंपण नव्हे, सातबारा.

मार्कंडेय
सातबारा म्हणा की उतारा, इकडं दोन्ही चालतात.

कलम_४२
भीतीबद्दल आणखी एक, कारण बेळगावच्या आसपास बटाटा लावणारे हा धागा वाचत असतील. २०१९ मध्ये पेप्सिकोनं गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर एफएल २०२७ या नोंदवलेल्या वाणासाठी दावे लावले. काहींवर एक कोटीच्या वरची मागणी होती. ओरड झाल्यावर मे महिन्यात दावे मागं घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या वाण प्राधिकरणानं ती नोंदणीच रद्द केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं रद्द करण्याचा आदेश बाजूला सारला. म्हणजे नोंदणी जिवंत, पण कलम ३९ चा हक्कही तितकाच जिवंत. करारावर बटाटा घेत असाल तर करारातली कलमं वेगळी वाचा. तिथं ‘बियाण्याचा उरलेला माल परत’ अशी अट असते आणि ती तुम्ही स्वतः सही करून मान्य केलेली असते.

माझं टोपणनाव ज्या कलमावरून आहे ते २००१ च्याच कायद्याचं कलम ४२: नकळत हक्कभंग झाला आणि त्यावेळी तो हक्क आहे हे शेतकऱ्याला माहीत नव्हतं, तर तो दोषी धरला जात नाही.

बीजभांड
कायद्याचं झालं, आता शेतातलं बोलूया. अर्ज परत येतात ते बहुधा वाणात सारखेपणा नसल्यामुळं.

नवीन वाणाला नावीन्य, वेगळेपणा, सारखेपणा, स्थैर्य असं सगळं लागतं. शेतकऱ्यांच्या वाणाला नावीन्याची अट नाही, आणि सारखेपणात सूट आहे: नव्या वाणाला जेवढी वेगळी झाडं चालतात त्याच्या दुप्पट चालतात. पण दुप्पट म्हणजे काहीही नव्हे. खानापूरकडं एकाच वावरात दरवर्षी इंद्रायणी, इंटान आणि बासमती आलटून पालटून असते, त्यामुळं पडलेल्या दाण्याची उगवण म्हणजे भेसळ. म्हणून असं करा.

यंदाच्या खरिपात वावराच्या मधल्या भागातून, बांधापासून आत, दोनशे ते तीनशे लोंब्या वेगवेगळ्या निवडा. प्रत्येक लोंबी वेगळ्या कागदी पाकिटात. पुढच्या वर्षी एका लोंबीची एक ओळ. तरवा (रोपांचा वाफा) वेगळा टाका, रोपलावण ओळीत एकेक रोप लावून करा. धूळवाफ पेरणीत (कोरड्या मातीत थेट पेरणी) हे जमत नाही, कारण कुरीतून, म्हणजे पाभरीतून, पडलेल्या दाण्यांत कुठलं झाड कुठल्या लोंबीचं ते कळत नाही. भेसळ तीनदा काढा: फुलोऱ्याआधी उंची आणि पानाचा रंग बघून, फुलोऱ्यात तारीख बघून, कापणीआधी कुसळ आणि तुसाचा रंग बघून. ज्या ओळीत दोन प्रकार दिसले ती पूर्ण ओळ बाद, नुसती वेगळी झाडं उपटून बाकीची ओळ ठेवायची नाही. दुसऱ्या भातापासून किमान तीन मीटर अंतर हवं. भात स्वपरागी आहे, तेवढं पुरतं. खरी भेसळ मळणी यंत्रात होते. यंत्र आधी रिकामं फिरवा, झाडून घ्या, आणि पहिलं घमेलं बियाण्यात घेऊ नका.

नोंद काय ठेवायची: निम्म्या झाडांना लोंबी बाहेर आली ती तारीख, खोडाची उंची, पान खोडाला मिळतं तिथल्या पातळ पापुद्र्याचा आकार, कुक्षीचा (फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकाचा) रंग, कुसळ आहे की नाही, तुसाच्या टोकाचा रंग, हजार दाण्यांचं वजन, सोललेल्या दाण्याची लांबी-रुंदी. वास ‘छान येतो’ लिहून चालत नाही. दोन ग्रॅम पान बारीक चिरा, १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिलि द्रावणात टाका, झाकण ठेवा, दहा मिनिटांनी उघडून हुंगा. शेजारी बिनवासाचा वाण तसाच ठेवा म्हणजे तुलना होते. हातमोजे घाला, ते द्रावण कातडीला जाळतं. किमान तीन जणांनी हुंगून वेगवेगळं लिहावं, एकानं ‘येतोय’ म्हटलं की सगळ्यांना यायला लागतो.

जमा करायच्या बियाण्याची उगवण किमान ८० टक्के, भौतिक शुद्धता ९८ टक्के, ओलावा ११-१२ टक्के धरा. चारशे दाणे शंभर-शंभरचे चार भाग करून ओल्या गोणपाटात गुंडाळा, चौदा दिवसांनी मोजा. किती किलो द्यायचं ते त्या पिकाच्या मार्गदर्शिकेत असतं, ती आधी काढा.

आणि एक कळकळीची विनंती. शुद्ध केलेलं बी हा तुमचा अर्जाचा वाण. पण शुद्ध करताना टाकलेल्या ओळी फेकू नका. मूळ मिसळीचं, निवड न केलेलं बी वेगळं राखा. दुष्काळात किंवा करप्यात जी झाडं टिकतात ती बहुतेक त्या ‘भेसळी’तलीच असतात. कायद्याला सारखेपणा आवडतो, वावराला नाही.

तरवा
बीजभांड यांनी शेताचं सांगितलं, मी पंचायतीचं सांगतो, कारण अर्जावर शिफारशीची सही लागते. जैवविविधता समितीचे अध्यक्ष किंवा सचिव, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी, यापैकी एकाची. पंचायतीची सही सगळ्यांत जवळ, पण समिती कागदावरच असते. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळ्या समित्या आणि जैवविविधता नोंदवह्या पूर्ण करा म्हणून राज्यांना बजावलं, नाहीतर महिन्याला दहा लाख भरा. मग वह्या भरल्या गेल्या, आणि कशा भरल्या गेल्या ते वही उघडलीत की कळेल. ‘पीक: भात. वाण: स्थानिक.’ संपलं.

आधी पंचायतीत वही मागा. वाणाची नोंद नसेल तर पुरवणी नोंद करायचा ठराव मांडा. नोंदीत नाव कानडीत आणि मराठीत, पेरणीचं नक्षत्र, किती दिवसांचं, कुठल्या जमिनीत, कुठले उपयोग, कुणाकुणाकडं बी आहे. फोटोत मोजपट्टी ठेवा. ठरावाची प्रत शिक्क्यानिशी घ्या, तारीख त्यावर असते. वही कानडीत असते, म्हणून मराठी नाव कानडी लिपीत लिहिताना ‘बासमती’, ‘बासुमती’, ‘बासमुती’ असे तीन अवतार होतात. कुठला घालायचा ते एकदा ठरवा आणि अर्जात तोच ठेवा. अर्ज परत यायला एवढं कारण पुरतं.

चंदगडचा_भात
आणि तेच बी चंदगडातही आहे हे विसरू नका. आमची वही महाराष्ट्राच्या मंडळाकडं, तुमची कर्नाटकाच्या. उद्या दोन राज्यांतून एकाच वाणाचे दोन अर्ज गेले तर?

मार्कंडेय
अर्ज मान्य झाला की प्राधिकरणाच्या मासिक पत्रिकेत छापतात आणि तीन महिने हरकतीला असतात. त्या वेळी भांडायचं, नाहीतर आत्ताच एकत्र यायचं. शेतकऱ्यांचा गट किंवा समुदाय अर्जदार होऊ शकतो आणि त्यात सीमेपलीकडची घरं घ्यायला कायद्यात आडकाठी नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच: एका माणसाच्या नावावर कधीही नको. नोंदणीनं उत्पादनाचा आणि विक्रीचा एकाधिकार मिळतो. आज तो चांगला माणूस आहे, उद्या त्याचा जावई आहे. गटाचा ठराव, सगळ्यांच्या सह्या, आणि ‘गटाबाहेरच्यांना बी द्यायचं की नाही’ याचा नियम त्याच ठरावात.

शेतकऱ्याला फी नाही, कलम ४४. पिकांची नोंदणी सुरुवातीला सहा वर्षांची, नूतनीकरण करून एकूण पंधरा. सहाव्या वर्षी कुणाच्या लक्षात राहत नाही आणि नोंदणी निघून जाते. तारीख गटाच्या हिशेबवहीच्या पहिल्या पानावर लिहा.

निपाणी_नाका
गंभीर प्रश्न. हेच सगळं संकेश्वरी मिरचीला चालेल का? नाव आपल्या हुक्केरी तालुक्यातलं, माल गडहिंग्लजकडचाही.

बीजभांड
मिरचीत तीन मीटरवर भागत नाही. परपराग फार, पायाभूत बियाण्याला ४०० मीटर अंतर लागतं. शेजारी संकरित मिरची असेल तर आधी जाळीत झाडं झाकून बी धरा, मग कागदाचं बोलू. वेगळा धागा काढा, इथं भात शिजतोय.

शिवारकट्टा
मंडळी, आभार. पहिल्या प्रश्नावर अजून थेट उत्तर आलं नाही. माणूस परवा येतोय. द्यावं का?

कलम_४२
आत्ता नाही. आधी कंपनी कुणाची ते विचारा. परदेशी नियंत्रणाखालची असेल तर तिला राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते, जैवविविधता कायद्याचं कलम ३. देशी असेल तर व्यापारी वापरासाठी राज्य मंडळाला आधी कळवावं लागतं, त्याच कायद्याचं कलम ७. ते कळवल्याचा कागद दाखवा म्हणा. ‘अभ्यास’ म्हणत असेल तर तसं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्यायला सांगा. तेवढ्यावरच बरेच जण परत येत नाहीत.

दिलंच तर लेखी करार करून: वाणाचं नाव, वजन, तारीख, नेमका उपयोग, तिसऱ्याला द्यायचं नाही, संकरासाठी वापरायचं तर आधी लेखी संमती, नवा वाण नोंदवताना मूळ स्रोत म्हणून गटाचं नाव. पाच किलो कशाला लागतात तेही विचारा. अभ्यासाला शंभर ग्रॅम रगड झाले, पाच किलो म्हणजे दहा गुंठ्यांची पेरणी.

अथणी_शाळू
हे मात्र एकदम पटलं.

बीजभांड
परवाच्या आत एक काम होईल. गटाच्या बियाण्याचे दोन नमुने बांधून ठेवा, पंचायतीच्या माणसासमोर, सहीनिशी. एक गटाकडं, एक पंचायतीकडं. पुढं राष्ट्रीय वनस्पती अनुवंश संसाधन ब्युरोकडं पाठवलात तर आयसी क्रमांक (राष्ट्रीय साठ्यातला नोंद क्रमांक) मिळेल आणि बी उणे १८ अंशांत राहील. पण ते नंतर.

शिवारकट्टा
पिशव्या प्लॅस्टिकच्या चालतील?

बीजभांड
आठवडाभर उन्हात वाळवल्याशिवाय प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. कापडी घ्या. आणि चिठ्ठी दोन लिहा, एक आत, एक बाहेर. पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई दोन पावसाळ्यांत उडते.